४२ पावत्या आणि अकराशे पानांचं पुस्तक

ताई,

मी २६ वर्षांचा आहे. बी.एस्सी. कॉम्प्युटर झालंय. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत ऑपरेटर म्हणून काम करतो. संध्याकाळी पिग्मी एजंट आले की त्यांची मशीनं जोडून दिवसभराच्या पावत्या उतरवून घ्यायच्या आणि रोजकिर्द जुळवून द्यायची, हे माझं काम. मागच्या महिन्यात पावत्या उतरवत असताना लाइट गेली. आल्यावर पुन्हा उतरवल्या, तर ११० पैकी ४२ पावत्या दोनदा पडल्या. रात्री दहापर्यंत एकेक शोधत बसलो होतो.

मला एंटरप्राइज जावा (मोठ्या संस्थांची सॉफ्टवेअरं लिहायची जावा) शिकून पुण्यात नोकरी मिळवायची आहे. क्लासची फी जमणार नाही, म्हणून अप्पा बळवंत चौकातून ३०० रुपयांना जुनं पुस्तक आणलं. अकराशे पानं आहेत, २००४ सालची आवृत्ती. चार महिन्यांत १८० पानं झाली. वाचताना कळतं, पुस्तक मिटलं की डोकं कोरं. पहिल्या सर्व्हलेटचं (ब्राउझरच्या विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा प्रोग्रॅमचं) उदाहरण जसंच्या तसं टाइप केलं तरी कंपाइल होत नाही. मित्र म्हणतो, इतकं जुनं पुस्तक रद्दीत घाल आणि व्हिडिओ बघ. कॉलेजात जावा मला चांगलं यायचं. आता वाटायला लागलंय की हे आपल्याला झेपणारं नाही. पुस्तक ठेवू की टाकू? आणि नोकरी सोडून पुण्याला येऊन पूर्णवेळ अभ्यास करू का?

एक वाचक, सोलापूर जिल्हा

---

ताई म्हणून लिहिलंस, म्हणून मीही एकेरीतच लिहिते.

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या ४२ पावत्यांपाशी थांबले. तू ते जाता जाता लिहिलंस, कामाचा त्रास म्हणून. पण ज्या अडचणीसाठी एंटरप्राइज जावा नावाचा सगळा पसारा उभा राहिला, तीच तुझ्या टेबलावर येऊन गेली आहे. अनेक माणसं एकाच खतावणीत एकाच वेळी लिहितायत, मध्येच लाइट जाते, नेट जातं, कोणी बटण दोनदा दाबतं, आणि तरीही संध्याकाळी तेरीज जुळली पाहिजे. तुझ्या पुस्तकाची अकराशे पानं याच एका काळजीपायी लिहिलेली आहेत. लेखकाला त्यासाठी परक्या देशातल्या बँकेचं नाहीतर ऑनलाइन दुकानाचं उदाहरण घ्यावं लागलं. तू रात्री दहापर्यंत बसून ते निस्तरलं आहेस. तेव्हा झेपण्याची शंका आधी मनातून काढ.

पुस्तक ठेव. मात्र आत्ता वाचतोयस तसं वाचू नकोस.

आधी तुझं कंपाइल न होणारं उदाहरण निकालात काढू, कारण त्यानेच तुझा धीर खचलाय असं मला वाटतं. तुझी काहीही चूक नाही. जावाएक्स-सर्व्हलेट नावाचं पॅकेज (तयार कोडचा गठ्ठा) अस्तित्वात नाही, अशी तक्रार कंपायलर करत असणार. तू टॉमकॅट, म्हणजे सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर, नवा घेतला असशील, १० किंवा त्यापुढचा. त्यात त्या पॅकेजचं नावच बदललेलं आहे. जावा जन्माला घातलं सन मायक्रोसिस्टिम्सने. २०१० साली ती कंपनी ओरॅकलने घेतली. पुढे ओरॅकलने एंटरप्राइज जावाचा कारभार एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण 'जावा' हे नाव आपल्याकडेच ठेवलं. म्हणून २०१८ मध्ये नवं बारसं झालं, 'जकार्ता'. जावा बेटावरचं शहर, तेवढं नातं राहिलं. जावाएक्स हे आडनाव लावून पुढचे बदल करायचे की नाही यावरही दोघांची बोलणी फिसकटली, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये जकार्ता ईई ९ आलं तेव्हा सगळ्या पॅकेजांची आडनावं बदलली. तुझ्या पुस्तकात जिथे जावाएक्स-सर्व्हलेट आहे तिथे जकार्ता-सर्व्हलेट लिही, उदाहरण उठून चालायला लागेल. घाईघाईने सगळीकडचंच जावाएक्स मात्र बदलू नकोस. जावाएक्स-एसक्यूएल आणि जावाएक्स-नेमिंग ही मूळ जावातली आहेत, त्यांची नावं आजही तीच आहेत. ज्यांनी सरसकट बदललं त्यांचे दोन दोन दिवस त्यात गेलेले मी पाहिले आहेत.

ही बदलाबदली इतक्या तपशिलात सांगितली, कारण तुझ्या पुस्तकाचं सगळं गणित त्यात आहे. या विषयात उत्तरं दर चार-पाच वर्षांनी बदलतात. प्रश्न बदलत नाहीत. तुझ्या पुस्तकातली बरीचशी उत्तरं कालबाह्य आहेत, हे मित्राचं म्हणणं खरं आहे. प्रश्न मात्र सगळे ताजे आहेत, आणि ते त्या काळच्या लेखकांनी आजच्यापेक्षा जास्त तपशिलात मांडले आहेत, कारण तेव्हा हाताने करायला लागायचं. आज स्प्रिंग बूटमध्ये (एंटरप्राइज जावाचं काम सोपं करणाऱ्या स्प्रिंग या तयार चौकटीत) एक अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडवर एक खूण, लावलं की काम होतं. काय काम झालं, हे न कळताच होतं. मुलाखतीत पोरं तिथेच अडकतात.

एक उदाहरण देते. तुझ्या पुस्तकात एंटिटी बीनवर, म्हणजे डेटाबेसातली माहिती जावात आणण्याच्या जुन्या पद्धतीवर, भलंमोठं प्रकरण असणार. एका साध्या खातेदारासाठी होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस, बीनचा क्लास आणि वर एक्सएमएलची फाइल. ते शंभरेक पानांचं प्रकरण बिनदिक्कत ओलांड. २००६ साली जावा ईई ५ बरोबर जेपीए ही त्याच कामाची सोपी पद्धत आली आणि त्या प्रकाराची गरज संपली. जेएनडीआयने वस्तू शोधून आणण्याची लांबलचक पानं, डिप्लॉयमेंट डिस्क्रिप्टरचे तक्ते, आणि असलंच तर स्ट्रट्स या वेबसाठीच्या जुन्या चौकटीचं प्रकरण, हेही सोड. पान वगळलं म्हणून अपराधी वाटू देऊ नकोस. असली पुस्तकं कथेसारखी वाचायची नसतात. मला वाटतं तुझी चार महिन्यांतली निम्मी दमछाक प्रत्येक पान इमानाने वाचण्यात झाली आहे.

मग काय वाचायचं? इशारे. 'असं करू नका', 'हे लक्षात ठेवा', 'इथे काळजी घ्या' अशी जी वाक्यं लेखक प्रकरणाच्या मध्ये कुठेतरी टाकून जातो, ती शोध. आणि प्रत्येक इशारा मोडून बघ. जे करू नका म्हटलंय ते मुद्दाम कर, प्रोग्रॅम चालव, आणि काय बिघडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग दुरुस्त कर. पुस्तक मिटल्यावर डोकं कोरं राहतं, त्यावर माझ्याकडे एवढा एकच इलाज आहे, आणि तो मला महागात पडून मिळाला.

माझी पहिली नोकरी, २००५ सालची. मी लिहिलेल्या सर्व्हलेटमध्ये ग्राहकाचं नाव क्लासच्या फील्डमध्ये ठेवलं होतं. माझ्या मशीनवर सगळं चोख. टेस्टिंगलाही चोख, कारण तपासणारी एकच व्यक्ती होती आणि ती एका वेळी एकच बटण दाबत होती. प्रणाली सुरू झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी फोन आला की एका बाईंना पडद्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव आणि हप्त्याची रक्कम दिसतेय. रात्रभर शोधलं. सकाळी कारण सापडलं तेव्हा मी माझं पुस्तक उघडलं. ते वाक्य तिथे होतं. सर्व्हलेटची वस्तू एकच असते आणि सगळ्यांच्या विनंत्या तिच्यातूनच जातात, तेव्हा फील्डमध्ये कुणाचीही माहिती ठेवू नका. त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती, माझीच. मी ते वाचलं होतं, पटलं होतं, अधोरेखित केलं होतं, आणि तरी मला ते माहीत नव्हतं. त्या बाईंना आपली माहिती दुसऱ्यांना दिसली असेल का याची किती काळजी वाटली असेल, हे आजही माझ्या मनात येतं.

तू हाच प्रयोग घरी कर, अर्धा तास लागेल. एक सर्व्हलेट लिही. विनंतीतून आलेलं नाव फील्डमध्ये ठेव, मग थ्रेडला (ती विनंती हाताळणाऱ्या कामाच्या धारेला) पाच सेकंद झोपव, मग ते नाव पडद्यावर छाप. आता ब्राउझरच्या दोन खिडक्या उघड. एकीत सुमन हे नाव पाठव, आणि पाच सेकंदांच्या आत दुसरीत दत्ता पाठव. दोन्ही खिडक्यांत 'दत्ता' येईल. सुमनने स्वतःचं नाव पाठवलं होतं आणि तिला दत्ता दिसतोय, हे एकदा पाहिलंस की जन्मात विसरणार नाहीस. मग तेच नाव फील्डमधून काढून मेथडच्या आत, स्थानिक व्हेरिएबलमध्ये घे आणि पुन्हा चालव. आता जिचं तिला, ज्याचं त्याला. तुमच्या काउंटरमागे भिंतीवर एकच पाटी आहे आणि प्रत्येक जण तीच पुसून त्यावर लिहितोय, ते फील्ड. प्रत्येकाच्या हातात स्वतःची स्लिप आहे, ते स्थानिक व्हेरिएबल. तुझ्या पुस्तकात यावर 'सिंगल थ्रेड मॉडेल' नावाचा उपाय सांगितलेला असेल तर तो वापरू नकोस, तो त्याच सुमाराला मोडीत निघाला. प्रश्न मात्र आजच्या स्प्रिंगच्या कंट्रोलरलाही (विनंत्या घेणाऱ्या क्लासलाही) तसाच लागू आहे, कारण तिथेही वस्तू एकच असते.

आता तुझ्या पावत्यांकडे येते. तुमच्या संस्थेचं सॉफ्टवेअर मी पाहिलेलं नाही, पण लक्षणांवरून एकच गोष्ट दिसते. प्रत्येक पावती सुटी सुटी कायम होत होती. ४२ झाल्या, लाइट गेली, ६८ राहिल्या. तू पुन्हा उतरवल्यास त्या सगळ्या ११०, म्हणून पहिल्या ४२ दोनदा.

पुस्तकातलं ट्रान्झॅक्शनचं (सगळं एकदम पक्कं होणाऱ्या नाहीतर काहीच न होणाऱ्या कामाचं) प्रकरण उघडायच्या आधी हे स्वतः घडवून आण. पोस्टग्रेस हा डेटाबेस फुकट आहे, तो टाक. पावत्यांचं एक टेबल कर, एजंट क्रमांक, पावती क्रमांक, तारीख, खातं, रक्कम. रक्कम डबल या अपूर्णांकांच्या प्रकारात ठेवू नकोस, बिगडेसिमल हा नेमका दशांश ठेवणारा प्रकार वापर. जावात डबलमध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून छाप, का म्हणतेय ते कळेल. खोट्या नावांची ११० ओळींची फाइल बनव. जेडीबीसीने (जावातून डेटाबेसशी बोलायच्या सोयीने) ती ओळीओळीने टेबलात घालणारा प्रोग्रॅम लिही आणि ४२ ओळी झाल्या की प्रोग्रॅम तिथेच बंद पाड. टेबलात मोज. ४२ असतील, कारण जेडीबीसीत ऑटोकमिट मुळातच चालू असतं आणि प्रत्येक ओळ तिथल्या तिथे पक्की होते. आता टेबल रिकामं कर, ऑटोकमिट बंद कर, शेवटच्या ओळीनंतर एकदाच कमिट, म्हणजे 'पक्कं कर' हा आदेश, लिही, आणि पुन्हा ४२ नंतर बंद पाड. मोज. शून्य. प्रोग्रॅम न तोडता चालव, ११०. या शून्याकडे जरा वेळ बघ. त्या रात्री तुझ्या टेबलात शून्य असतं तर तू वेळेवर घरी गेला असतास.

पण अजून एक भोक राहिलंय, आणि ते कळलं की तू बऱ्याच अनुभवी लोकांच्या पुढे जाशील. समज, कमिट झालं, ११० पक्क्या झाल्या, आणि 'झालं' हा निरोप तुझ्या पडद्यावर यायच्या आत लाइट गेली. तुला वाटणार काहीच झालं नाही. तू पुन्हा उतरवणार, आणि या वेळी ४२ सोड, सगळ्या ११० दोनदा पडणार. इथे ट्रान्झॅक्शन काही करू शकत नाही. इथे टेबलावरच नियम हवा की त्याच एजंटचा, त्याच तारखेचा, तोच पावती क्रमांक दुसऱ्यांदा येऊच शकत नाही. युनिक कन्स्ट्रेंट लाव आणि मग फाइल दोनदा चढवून बघ. तेच काम चुकून दोनदा झालं तरी परिणाम एकदाच झाला पाहिजे, याला धंद्यात आयडेम्पोटन्सी म्हणतात. यूपीआयपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत जिथे पैसे हलतात तिथे हा प्रश्न असतोच.

एवढं झालं की मगच पुस्तकातलं ट्रान्झॅक्शनचं प्रकरण वाच. सावकाश वाच, दिवसाला चार पानं. ईजेबीचं (एंटिटी बीन ज्यात मोडतात त्या जुन्या पद्धतीचं) बाकी सगळं जुनं झालं तरी हे प्रकरण अजून जसंच्या तसं उपयोगी आहे, कारण स्प्रिंगने त्यातला विचार उचलला. तुझी मेथड आणि तिला बोलावणारा यांच्यामध्ये कंटेनर, म्हणजे तुझा कोड चालवणारं सॉफ्टवेअर, उभा असतो. तो आधी ट्रान्झॅक्शन उघडतो, मग मेथड चालू देतो, शेवटी कमिट किंवा रोलबॅक करतो, म्हणजे सगळं पक्कं करतो किंवा सगळं मागे घेतो. तो मध्ये उभा आहे हे ध्यानात ठेवलंस की एक कोडं आपोआप सुटतं. क्लासमधल्या एका मेथडने त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडला बोलावलं तर स्प्रिंगमध्ये दुसरीवरचं ट्रान्झॅक्शनचं अ‍ॅनोटेशन लागू होत नाही. घरातल्या घरात हाक मारली, दारातून कुणी गेलंच नाही, मग दारावरच्या माणसाला कसं कळणार?

त्याच प्रकरणात एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना उठणारी चूक) आणि रोलबॅक यांच्याबद्दल एक छोटा परिच्छेद असेल. तो सोडू नकोस. समज, कर्जाचा हप्ता बचत खात्यातून वळता करायचा आहे. आधी कर्जखात्याला जमा केलं, मग बचत खात्याला नावे टाकायला गेलो तर शिल्लक अपुरी, म्हणून तू स्वतः बनवलेलं 'शिल्लक अपुरी' हे चेक्ड एक्सेप्शन (कोडमध्ये आधीच जाहीर करावं लागणारं) फेकलंस. सगळ्यांना वाटतं, एक्सेप्शन आलं म्हणजे रोलबॅक झालं. होत नाही. ईजेबीमध्ये व्हायचं नाही आणि स्प्रिंगमध्येही मुळात होत नाही. रनटाइम एक्सेप्शन (जाहीर करावं न लागणारं) आलं तर रोलबॅक, चेक्ड आलं तर कमिट. म्हणजे हप्ता जमा झाला आणि पैसे कुठूनच आले नाहीत. जुन्या पुस्तकात यासाठी सेट-रोलबॅक-ओन्ली बोलवायला सांगितलेलं असेल, स्प्रिंगमध्ये अ‍ॅनोटेशनलाच 'रोलबॅक फॉर' सांगावं लागतं. उत्तर दोन तऱ्हेचं, खड्डा एकच. या खड्ड्यात पडलेले प्रकल्प मी एकाहून जास्त पाहिले आहेत.

तिसरा प्रयोग कनेक्शन पूलचा, म्हणजे डेटाबेसशी आधीच जोडून ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्याचा. तो थोडक्यात सांगते. हिकारी नावाचा पूल घे, स्प्रिंग बूटमध्ये आज तोच येतो. त्यात मुळात १० कनेक्शनं असतात. कनेक्शन घे आणि मुद्दाम बंद करू नकोस. दहा विनंत्या छान जातील. अकरावी ३० सेकंद ताटकळेल आणि मग चूक दाखवेल. 'सर्व्हर हँग झाला' असं ज्याला ऑफिसात म्हणतात त्याचं एक नेहमीचं कारण हेच, आणि रीस्टार्ट केल्यावर 'आपोआप' बरं का होतं तेही तुला कळेल. दुरुस्तीला ट्राय-विथ-रिसोर्सेस वापर, त्याने काम झालं की कनेक्शन आपोआप बंद होतं. ते जावा ७ मध्ये आलं, त्यामुळे तुझ्या पुस्तकात सापडणार नाही. तिथे फायनली ब्लॉकची माळ असेल. ती एकदा हाताने लिहून बघ, नव्या सोयीची किंमत कळेल.

प्रयोग करताना एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव. संस्थेचा खरा डेटा यासाठी वापरायचा नाही. एक खातंसुद्धा नाही, 'फक्त बघायला' म्हणूनही नाही, आणि पेनड्राइव्हवर घरी तर मुळीच नाही. भाजीवाली रोज पन्नास रुपये एजंटच्या हातात ठेवते ती विश्वासावर. ज्याला लोकांचे पैसे सांभाळणारे प्रोग्रॅम लिहायचे आहेत त्याने हा नियम नोकरी लागायच्या आधीपासून पाळला पाहिजे.

आता इंग्रजीबद्दल. तू तसं लिहिलेलं नाहीस, पण वाचताना कळतं आणि मिटल्यावर कोरं होतं, यात थोडा वाटा भाषेचाही असतो. शब्द ओळखीचे असतात, म्हणून वाक्य कळल्यासारखं वाटतं. एक वही घाल. प्रत्येक इशाऱ्याचं एक मराठी वाक्य त्यात लिही आणि वाक्याचा साचा एकच ठेव, 'हे केलं नाही तर काय बिघडतं'. तांत्रिक शब्द इंग्रजीच राहू देत, थ्रेडला धागा करायला जाऊ नकोस. पण 'बिघडतं' नंतर तुझ्या संस्थेतलं काहीतरी आलं पाहिजे. उदाहरणार्थ, 'सर्व्हलेटच्या फील्डमध्ये नाव ठेवलं तर सुमनच्या पासबुकावर दत्ताचं नाव येतं.' असं वाक्य लिहिता आलं नाही तर तो भाग अजून कळलेला नाही, पुन्हा वाच. मी आजही नवं काही शिकताना अशीच वही घालते.

व्हिडिओंचं म्हणशील तर जरूर बघ. जेडीके (जावाचं मूळ साधन) कसं टाकायचं, टॉमकॅट कसा सुरू करायचा, आयडीईत (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये) कुठलं बटण कुठे आहे, हे पुस्तकातून शिकणं म्हणजे वेळेचा नास. पण व्हिडिओत शिकवणाऱ्याचं सगळं चालतं. चुकलेलं कापून टाकलेलं असतं. तुला शिकायचंय ते नेमकं त्या कापलेल्या भागात आहे. म्हणून रात्री एक तास असेल तर त्यातला व्हिडिओचा वेळ पंधरा मिनिटांवर जाऊ देऊ नकोस.

पुस्तक कसं वाचावं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण याच विषयातलं आहे. २००२ साली रॉड जॉन्सन यांनी जे-टू-ई-ई वर, म्हणजे तेव्हाच्या एंटरप्राइज जावावर, एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते तेव्हाच्या पद्धतीवर नाराज होते आणि सोपं कसं करता येईल हे दाखवायला त्यांनी पुस्तकाबरोबर सुमारे ३०,००० ओळींचा कोड दिला होता. काही वाचकांनी तो कोड चालवून बघितला, खऱ्या कामात वापरून बघितला. त्यातल्या युर्गेन होलर आणि यान कारॉफ या दोघांनी लेखकाला गळ घातली की हे सगळ्यांसाठी खुलं करा. स्प्रिंग हे नाव कारॉफ यांनीच सुचवलं, जे-टू-ई-ईच्या हिवाळ्यानंतरचा वसंत म्हणून. २००४ च्या मार्चमध्ये स्प्रिंग १.० आलं. आज पुण्यात जावाच्या मुलाखतीला गेलास की पहिला प्रश्न ज्याच्यावर येतो, ते एका पुस्तकाच्या वाचकांनी कोड हाताळून बघितला म्हणून जगात आलं. ही गोष्ट मला अजून रोमांचित करते. तुझ्या हातातलं पुस्तक त्याच काळातलं आहे. त्यातली नाराजी, ते एक्सएमएलचे डोंगर, एका ओळीच्या कामासाठी चार फाइली, हे सगळं पाहिलं असेल तर स्प्रिंग कशासाठी जन्मलं हे तुला पाठ करावं लागणार नाही.

तेव्हा पुढचे सहा-सात आठवडे सर्व्हलेट, जेडीबीसी आणि हे तीन प्रयोग. मग एखादं नवं पुस्तक, किंवा पैसे नसतील तर स्प्रिंगची स्वतःची मार्गदर्शिका, ती इंटरनेटवर फुकट आहे. स्प्रिंग बूट घेताना ३ किंवा पुढचं घे. त्याला जावा १७ तरी लागतं आणि तिथे जकार्ताचीच नावं आहेत, म्हणजे तुझा आत्ताचा सराव वाया जाणार नाही. पिग्मीचंच काम त्यात पुन्हा लिही. एजंट, खातेदार, पावती, दिवसअखेर. इंटरनेटवरच्या तयार प्रकल्पांत सगळ्यांचं तेच वाचनालय आणि तेच कर्मचारी व्यवस्थापन असतं. मुलाखत घेताना मी अशी शेकडो वाचनालयं पाहिली, आणि पुस्तक एकाच वेळी दोघांना दिलं गेलं तर काय होईल, या प्रश्नाला फारच थोड्यांकडे उत्तर होतं.

नोकरीबद्दल तू विचारलंस. आत्ता सोडू नकोस. पुण्यात कॉट बेसिसवर राहून, महिन्याच्या खर्चाची चिंता करत, दिवसाचे दहा तास अभ्यास होईल असं दुरून वाटतं. बहुतेकांचा होत नाही. पैसे संपत आले की माणूस मिळेल ते पकडतो, आणि मग सपोर्टच्या रात्रपाळीत शिकणं राहून जातं. तुझी नोकरी संध्याकाळी संपते आणि दिवसभर तुझ्यासमोर असे प्रसंग घडतात जे पुस्तकात कल्पून लिहावे लागतात. पिग्मीचा प्रकल्प पूर्ण झाला, तो तू कुणालाही न अडखळता समजावून सांगू शकलास, की तिथूनच अर्ज करायला लाग. मुलाखतीपुरती एक दिवसाची रजा काढून एसटीने ये. मुलाखत ऑनलाइन होत असेल तर तीही गरज नाही.

आणि मुलाखतीत ट्रान्झॅक्शन म्हणजे काय विचारलं की व्याख्येने सुरुवात करू नकोस. लाइट गेली तेव्हा काय झालं ते सांग. मग तुझ्या टेबलात आलेलं शून्य सांग, आणि मग ते दुसरं भोक.

आज रात्री वही घाल. पहिलं वाक्य त्या ४२ पावत्यांचं लिही. दोन खिडक्यांचा प्रयोग रविवारी कर, आणि सुमनच्या खिडकीत काय आलं ते मला कळव.